लॅबपासून पाड्यापर्यंत: माझ्या इलेक्टिव्ह पोस्टिंगची हकीकत

एमबीबीएसची थर्ड मायनरची, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागाची, परीक्षा संपली की फायनलची टर्म सुरू होण्याआधी इलेक्टिव्ह पोस्टिंग, म्हणजे स्वतः निवडलेल्या विभागातलं काम, लागते. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला, त्यासोबत ही सोय आली. त्याआधी कुठल्या विभागात किती आठवडे घालवायचे हे सगळं वरूनच ठरलेलं असायचं. नव्या नियमांत दोन ब्लॉक दिले होते, प्रत्येकी चार आठवड्यांचे. एक ब्लॉक प्री किंवा पॅरा-क्लिनिकल विभागात (ॲनॅटॉमी, मायक्रोबायोलॉजीसारख्या), प्रयोगशाळेत नाहीतर चालू असलेल्या संशोधनात. दुसरा एखाद्या क्लिनिकल, म्हणजे थेट पेशंट बघणाऱ्या, विभागात, किंवा गावातल्या नाहीतर शहरी वस्तीतल्या दवाखान्यात. ७५ टक्के हजेरी आणि पूर्ण भरलेलं लॉगबुक (कामाची नोंदवही) असल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. पुढच्या बॅचेससाठी हा काळ आखडून महिन्याभरावर आणला गेला.

आमची २०१९ ची बॅच, म्हणजे पहिलीच. सीनिअर्सना विचारावं तर त्यांनी हे केलेलंच नव्हतं. खान्देशातल्या आमच्या सरकारी कॉलेजात नोटीस बोर्डावर विभागांची यादी लागली आणि रेडिओलॉजी, स्किन, कार्डिओलॉजीच्या जागा पहिल्या दिवशीच भरल्या. बऱ्याच जणांना पीजीच्या अभ्यासाला वेळ मिळेल असा विभाग हवा होता, आणि त्यांना दोष देता येत नाही. मी पहिल्या ब्लॉकसाठी मायक्रोबायोलॉजीची टीबी लॅब घेतली. मेडिसिनच्या वॉर्डात टीबीचे इतके पेशंट बघितले होते की छातीवर स्टेथोस्कोप ठेवायच्या आधी फाइलमधला ‘सीबीनॅट पॉझिटिव्ह’ हा शेरा शोधायची सवय लागली होती. सीबीनॅट म्हणजे बेडक्यात टीबीचा जंतू शोधणारी मशीनवरची चाचणी. तो शेरा कुठून येतो, किती भरवशाचा असतो, आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे नक्की काय, हे मला जवळून बघायचं होतं.

लॅबमध्ये दिवसाची सुरुवात डबे उघडण्यापासून व्हायची. आसपासच्या तालुक्यांतून, डोंगरातल्या आरोग्य केंद्रांतूनही, थर्मोकोलचे डबे येत. आत जेल पॅक, त्यांच्यामध्ये झिपलॉकच्या पिशव्या, पिशवीत शोषून घेणारा कापूस आणि मध्ये फाल्कन ट्यूब, तिच्या झाकणाभोवती पॅराफिल्म गुंडाळलेली. ही बांधणी आम्ही पुस्तकात ‘थ्री लेअर पॅकिंग’ म्हणून पाठ केली होती. प्रत्यक्षात ती कुठे सुटते हे आमच्या टेक्निशियन सरांना डबा उचलतानाच कळायचं. डबा ओलसर लागला की ते तो बाजूला ठेवत आणि मास्क, ग्लोव्हज नीट आहेत ना हे माझ्याकडे बघून तपासत.

मग ट्यूब उजेडात धरायची. हे काम त्यांनी मला कितीतरी वेळा करायला लावलं. घट्ट, पिवळसर, ट्यूब तिरकी केली की सावकाश सरकणारा नमुना म्हणजे छातीतून आलेला बेडका. पाण्यासारखा, वर फेसाचा थर असलेला नमुना म्हणजे तोंडातली लाळ. तपासणी किती चांगली होणार हे मशीनपर्यंत पोहोचायच्या आधी, त्या दोन-तीन सेकंदांत बरंचसं ठरलेलं असतं. मायक्रोस्कोपखाली टीबीचे जंतू दिसायला एका मिलिलिटर नमुन्यात साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात. सीबीनॅटला शे-सव्वाशेही पुरतात. पण लाळेत जंतू नसतीलच तर दोन्ही चाचण्या सारख्याच ‘निगेटिव्ह’ म्हणणार, आणि तो कागद हातात घेऊन पेशंट घरी जाणार. घरात तो खोकत राहणार.

सीबीनॅटची कृती सोपी आहे. नमुन्यात दुप्पट रिएजंट घालायचं, जोरात हलवायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं, त्यातलं दोन मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये भरायचं आणि कार्ट्रिज मशीनमध्ये लावायचं. दोन तासांच्या आत जंतू आहे की नाही, आणि असला तर तो रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो की नाही, हे कळतं. कल्चरचं, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघण्याचं, तसं नाही. तिथे नमुन्यातले बाकीचे जंतू आधी मारावे लागतात. त्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड असलेलं द्रावण वापरतात, आणि त्याने टीबीचे काही जंतूही मरतात. वेळ कमी दिला तर इतर जंतू वाढून कल्चर खराब होतं, जास्त दिला तर जो शोधायचा तोच मरतो. नमुना उन्हात, बर्फाशिवाय दोन-तीन दिवस प्रवास करून आला असेल तर हे गणित आणखी बिघडतं. लिक्विड कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. एवढं थांबून ‘कन्टॅमिनेटेड’ असा निकाल द्यावा लागला की लॅबमध्ये सगळ्यांनाच वाईट वाटतं. टेक्निशियन सर त्या दिवशी गप्प असायचे.

रिजेक्शनचं एक रजिस्टर होतं. मला विचाराल तर त्या पोस्टिंगमध्ये मी वाचलेलं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक तेच. तारीख, नमुना पाठवणारं केंद्र, नमुना घेतल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, परत पाठवण्याचं कारण. ‘लाळ’, ‘गळती’, ‘लेबल नाही’, ‘अपुरा’, ‘उशीर’. आमच्या लॅबच्या मॅडमचा नियम होता की नमुना नाकारला तर पाठवणाऱ्या केंद्राला फोन करायचा, आणि ते काम इलेक्टिव्हच्या मुलांकडे दिलं होतं. फोनवर पलीकडचा माणूस बहुतेक वेळा चिडत नसे, थकलेला वाटे. एकदा एका लॅब टेक्निशियनने मला शांतपणे सांगितलं, “मॅडम, तो पेशंट आता पंधरा दिवस खाली येणार नाही. पुढच्या वेळी मिळाला तर घेतो.”

मी रजिस्टर उलटसुलट चाळायला लागले. ‘लाळ’ आणि ‘उशीर’ ही कारणं सपाटीवरच्या केंद्रांपेक्षा डोंगरातल्या केंद्रांपुढे जास्त वेळा लिहिलेली होती. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे मला माहीत आहे गं. का, ते मला माहीत नाही. दुसरा ब्लॉक कुठे घेतेयस?”

मी मेडिसिन आयसीयू लिहिलं होतं. ते बदलून नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) लिहिलं.

तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावकडे जाताना सातपुड्याच्या रांगा एकामागून एक उघडत जातात. मार्चचे दिवस होते, साग ओकाबोका झालेला, पळस पेटलेला. इथे गाव म्हणजे एका जागी घरांची दाटी नाही. एका गावाचे सात-आठ पाडे, पाड्यातली घरंही आपापल्या शेतात, एकमेकांपासून लांब. डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येला एक पीएचसी आणि ३ हजारांना एक उपकेंद्र असा निकष आहे. सपाटीवर हेच आकडे ३० हजार आणि ५ हजार आहेत. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवले होते. पण ३ हजार माणसं किती टेकड्यांवर पसरलेली असतात हे आकड्यात येत नाही. नर्सताईंच्या मागे चालत एका उपकेंद्राचे दोन पाडे करून संध्याकाळी परत आले तेव्हा पायांनी मला ते समजावलं.

पीएचसीचे मेडिकल ऑफिसर (एमओ) बाँड, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, पूर्ण करत असलेले, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठे. त्यांच्यासोबत भरारी पथकाचे, म्हणजे पाड्यांवर फिरणाऱ्या वैद्यकीय पथकाचे, एक बीएएमएस (आयुर्वेद पदवीचे) डॉक्टर होते, कित्येक वर्षं याच भागात काढलेले. पावरी ही तिथली आदिवासी बोली ते घरच्या भाषेसारखी बोलत. खरं शिक्षण मला त्यांच्याकडून मिळालं, हे इथे मुद्दाम लिहिते, कारण मेडिकल कॉलेजात बीएएमएस डॉक्टरांबद्दल ज्या सुरात बोललं जातं तो मला आता ऐकवत नाही. पेशंट दारातून आत येईपर्यंत तो कुठल्या पाड्यावरचा, किती चाललाय, घरी कोण आहे, हे त्यांना माहीत असायचं, आणि औषध लिहिताना हे सगळं धरून लिहिलेलं असायचं.

होळी जवळ आली होती. सातपुड्यात होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. दिवाळीनंतर गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला, मजुरीला गेलेली कुटुंबं होळीला कुठूनही परत येतात. म्हणजे चार महिने फडावर, पालात राहिलेली, अंगावर खोकला काढलेली माणसं याच आठवड्यांत घरी सापडतात. भरारी पथकाचे डॉक्टर म्हणाले, “टीबी शोधायचा तर आत्ताच. आणि एक हिशोब कर. उपचार सहा महिन्यांचे. होळीला सुरू केले तर दसऱ्याच्या आधी संपतात, माणूस आपल्या डोळ्यांसमोर राहतो. दिवाळीच्या तोंडावर सुरू केले तर पंधरा दिवसांत तो कोयता घेऊन निघून जातो.” दोन महिने चार औषधं, चार महिने तीन औषधं, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. ते सहा महिने कॅलेंडरवर कुठे पडतात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

आशाताईंसोबत मी एका घरी गेले. पस्तिशीचा माणूस, ऊसतोडीहून नुकताच परतलेला, तीन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप. वजन ३४ किलो भरलं. ताईंनी त्याला घरामागे मोकळ्यावर नेलं, वाऱ्याची दिशा बघून स्वतः बाजूला उभ्या राहिल्या, मलाही तिकडेच ओढलं. चूळ भरायला लावली. छातीवर हात ठेवून लांब श्वास घेऊन दाखवला, थांबल्या, पुन्हा घेतला, आणि पोटातून खोकून दाखवलं. तो लाजला. त्याची बायको, आई, शेजारची दोन पोरं बघत होती. त्याने पटकन थुंकून ट्यूब पुढे केली. वर फेस, खाली पाणी. हीच ट्यूब मी लॅबमध्ये उजेडात धरून बाजूला ठेवली असती.

ताईंनी ती घेतली नाही. सगळ्यांना घरात पाठवलं, मलाही. आम्ही कुडाच्या भिंतीआड थांबलो. बऱ्याच वेळाने खोल, ओढून काढलेला खोकला ऐकू आला आणि ताईंनी समाधानाने मान हलवली. या वेळचा नमुना घट्ट होता. आमच्या टेक्निशियन सरांनी तो खुशीने घेतला असता.

दुसरा नमुना पहाटेचा हवा. रात्रभर साचलेला कफ त्यात येतो, म्हणून नियम आहे. आणि मार्चमध्ये पहाटे सातपुड्यातला माणूस घरात नसतो. मोहाची फुलं पहाटे गळतात, उन्हं चढायच्या आत आणि गुरांनी खायच्या आत ती वेचावी लागतात. सगळं घर टोपल्या घेऊन अंधारातच झाडाखाली जातं. वाळवलेल्या फुलांतून तेल-मिठाचे पैसे सुटतात. म्हणजे लॅबला ज्या तासाचा नमुना पाहिजे, त्याच तासाला पेशंट झाडाखाली वाकलेला असतो. रजिस्टरमधल्या कोऱ्या वेळांचं आणि दुपारच्या नमुन्यांचं एक कारण मला मोहाच्या झाडाखाली सापडलं.

ताईंनी यावर आपली रीत काढली होती. ट्यूब आदल्या संध्याकाळी घरी द्यायची, कुठपर्यंत भरायची त्याची पेनाने खूण करून. सकाळी उठल्या-उठल्या, टोपली उचलायच्या आधी नमुना द्यायचा, झाकण घट्ट लावायचं, पिशवीत घालून छपराखाली सावलीत टांगायचं. सातला ताई येऊन घेऊन जाणार, कारण धडगावकडे जाणारी जीप साडेआठच्या सुमारास सुटते आणि ती गेली की दुसऱ्या दिवशीपर्यंत काही नाही. त्या जीपमध्ये बसलेल्या ओळखीच्या माणसाच्या मांडीवर डबा जातो. रस्त्यात जीप बिघडली, बाजार नसला, ड्रायव्हर लग्नाला गेला, तर लॅबच्या रजिस्टरमध्ये ‘उशीर’.

धडगावच्या रुग्णालयात ट्रूनॅटवर तपासणी होत असे. हे यंत्र आपल्याकडचंच, गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. ते बॅटरीवर चालतं, एअर कंडिशनर लागत नाही, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. जिथे वीज दिवसातून दोनदा जाते तिथे बॅटरीचं मोल काय असतं ते मी बघितलं. जंतू सापडला की औषधांना दाद देण्याच्या पुढच्या तपासण्यांसाठी नमुना घाट उतरून मोठ्या लॅबला जातो. तोच आमच्याकडचा थर्मोकोलचा डबा.

त्या माणसाचा निकाल पॉझिटिव्ह आला, रिफाम्पिसिनला दाद देणारा. ३४ किलो म्हणजे २५ ते ३४ चा वजनगट, रोज दोन गोळ्या. एक किलो जास्त असतं तर तीन. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि दर महिन्याला वजन करायचं हे बायकोला दोनदा सांगितलं. मग विचारलं, घरात खायला काय आहे? ज्वारी होती, मका होता, डाळ संपलेली. टीबीच्या पेशंटच्या आहारासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेतून तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत (नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले), पण ते बँकेत जमा होतात, आणि याचं खातं बंद पडलेलं. पुढचा अर्धा तास डॉक्टर आणि टीबीचे सुपरवायझर त्या खात्याच्या मागे होते. वॉर्डात असा अर्धा तास खर्च केला असता तर रेसिडेंटने विचारलं असतं, इथे काय करतेयस?

हा अर्धा तास औषधाइतकाच उपचाराचा भाग आहे, याला पुढे पुरावाही वाचायला मिळाला. झारखंडात झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाचे निकाल २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. टीबीच्या पेशंटच्या घरच्या माणसांना तांदूळ आणि डाळ दिल्यावर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. ते वाचताना मला कुडाच्या भिंतीआड उभी असलेली दोन पोरं आठवली.

भरारी पथकाच्या गाडीतून आम्ही पाड्यांवर जायचो तेव्हा मुख्य काम मुलांचं. दंडाचा घेर मोजायची पट्टी साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल होते. एका मुलीचा दंड लाल पट्ट्यात आला. मी लगेच रेफरलचा कागद काढला, तसंच शिकवलेलं होतं. डॉक्टरांनी थांबवलं आणि आधी तिला खायला दिलं. ती आवडीने, भराभर खात होती. ताप नाही, जुलाब नाही, पायाला सूज नाही. मोठ्या रुग्णालयात ठेवायचं तर आईला तिच्यासोबत दोन आठवडे राहावं लागणार, घरी आणखी दोन लहान, आणि होळी चार दिवसांवर. आई नाही म्हणणार हे उघड होतं. भूक शाबूत आणि गुंतागुंत नसलेल्या अशा मुलावर अंगणवाडीतल्या ग्राम बालविकास केंद्रात उपचार करता येतात, दर आठवड्याला वजन बघून. डॉक्टरांनी तो मार्ग धरला, आणि अंगणवाडीताईंना कुठल्या चार खुणा दिसल्या तर त्याच दिवशी फोन करायचा ते सांगितलं. त्यांनी कुठलाही नियम वाकवला नव्हता. नियमातच दोन वाटा आहेत, आम्हाला एकच ठाऊक असते, कारण कॉलेजात येतात ती मुलं रुग्णालयाच्या वाटेचीच असतात. जुलाब लागलेली, अंग सुजलेली, दूध तोंडात न घेणारी.

या एका गोष्टीवर मी नंतर खूप विचार केला. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत आमच्यासमोर येणारा पेशंट किती चाळण्यांतून आलेला असतो! ज्याच्याकडे भाड्याचे पैसे होते, ज्याची जीप चुकली नाही, ज्याच्या घरी शेळ्या बघायला कोणी होतं, तो आमच्यापर्यंत पोहोचतो. बाकीचे मोहाच्या झाडाखाली असतात. आम्ही आजार शिकतो तो पोहोचलेल्यांचा. साडेचार वर्षं त्याच इमारतीत राहून हे कळायला मार्ग नाही, म्हणून इलेक्टिव्ह बाहेर घ्यावं असं मला वाटतं. खेड्यात जाऊन सेवा करण्याचा मुद्दा वेगळा, तो ज्याचा त्याने ठरवावा. मी बोलतेय ते निव्वळ शिकण्याबद्दल.

आता माझ्या हातात आलेल्या गोष्टी. एक्स-रे नसल्यामुळे छाती बोटांनी ठोकून बघण्याची जी तपासणी आम्ही व्हायव्हापुरती करतो, ती तिथे रोज करावी लागली, आणि महिन्याच्या शेवटी फुप्फुसाबाहेर साचलेल्या पाण्याची पातळी माझ्या बोटांना कळू लागली. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या एका मुलाचं दुखणं बघितलं. हात-पाय दुखतात म्हणून रात्री उचलून आणलेला, तपासल्यावर डोळ्यांना हलकी कावीळ. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आहे हे माहीत असलेला डॉक्टर आधी सलाईन, दुखण्याचं औषध आणि रक्ताची चाचणी यांकडे वळतो. ज्याला माहीत नाही तो हाडं बघत बसतो.

आमच्या ग्रुपमधल्या इतरांना वेगळं काही मिळालं. एकीने ब्लड बँक घेतली होती. नातेवाईक एकाच पिशवीसाठी रात्री दोन वाजता धावतात, आणि ती पिशवी देण्याची खरं तर गरज नव्हती असं किती वेळा असतं, हे तिने तिथल्या मागणीपत्रांवरून बघितलं. आता ती स्वतः मागणी लिहिताना हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी पेशंटला धाप आहे का तेही लिहिते. एक मित्र मुंबईत पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना कमी करणाऱ्या, टीमसोबत कॅन्सरच्या पेशंटांच्या घरी गेला. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळवणं सोपं झालं असलं तरी मॉर्फिनच्या गोळीला डॉक्टरच घाबरतात, हे तो परत आल्यावर तावातावाने सांगत होता. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पेशंटच्या मुलीला गोळीची वेळ समजावून सांगताना जे बोलावं लागतं ते कुठल्या लेक्चरमध्ये नसतं, असं तो म्हणाला. कार्डिओलॉजीला गेलेल्यांपैकी दोघांनी खूप एको बघितले आणि ते खूश होते. एकजण मात्र गर्दीच्या मागे उभा राहून आला. मोठ्या विभागात विद्यार्थ्याला काम मिळेलच असं नाही, तिथे आधीच रेसिडेंट, फेलो, इंटर्न असतात. छोट्या जागी माणसं कमी, म्हणून तुमच्या हाताला काम येतं.

लॉगबुकबद्दल माझी तक्रार आहे. त्यात तारखा, कौशल्यांची नावं, सही आणि ‘रिफ्लेक्शन’साठी अर्धं पान असतं. बहुतेकांनी ते अर्धं पान एकमेकांचं बघून शेवटच्या दिवशी भरलं. ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त शिकवलं, म्हणजे एका नमुन्याचा छपरापासून मशीनपर्यंतचा प्रवास, तिला त्यात रकाना नव्हता. विद्यार्थ्याला एक प्रश्न घेऊन पाठवावं आणि परत आल्यावर विभागासमोर दहा मिनिटं त्यावर बोलायला लावावं. एवढं केलं तरी सह्यांच्या मागे धावण्यातला वेळ वाचेल आणि पाठवणाऱ्या विभागालाही काही मिळेल.

आमच्या मॅडमनी तसं केलं. मी परत आल्यावर त्यांनी लॅबच्या सगळ्यांना बसवून माझ्याकडून पाड्यावरची हकीकत ऐकली. टेक्निशियन सरांनी मोहाच्या वेळा, जीपची वेळ, सगळं वहीत लिहून घेतलं. त्यानंतर एक छोटा बदल झाला. नमुना नाकारला तर निरोप त्याच दिवशी दुपारच्या आत केंद्राच्या टेक्निशियनच्या मोबाइलवर जातो, ट्यूबच्या फोटोसह. संध्याकाळी आशाताई पाड्यावर परतायच्या आधी तो पोहोचला तर नवी ट्यूब त्यांच्यासोबतच जाते. आशाताईंची आदल्या रात्री ट्यूब देण्याची रीतही त्यांच्या नावासकट दुसऱ्या केंद्रांना कळवली गेली. ताईंना फोनवर हे सांगितलं तर त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, “मॅडम, झाकणं जरा चांगली पाठवा. काही काही गळतात.” मॅडमनी तो मुद्दा खरेदीच्या कागदावर घातला.

आता जे थर्ड मायनर देत आहेत त्यांच्यासाठी. दोन्ही ब्लॉक मिळत असतील तर लॅब आधी घ्या आणि गाव नंतर, आणि दोन्हींत एकच आजार धरा. पीएचसीला जायचं तर विभागप्रमुखांच्या पत्राबरोबर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज परीक्षेच्या आधीच टाका. राहायची सोय एमओंना फोन करून स्वतः ठरवा. मला नर्सताईंच्या क्वार्टरमध्ये खोली मिळाली, जेवण त्यांच्याच घरी, पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. तुमचंही तसं झालं तर महिन्याचा किराणा भरून द्या. आणि सातपुड्यात जाणार असाल तर होळीच्या आधी पोहोचा, माणसं तेव्हा घरी असतात.